चिखल्या

आमच्या गावाहून युसूफ वडगावला जायचा रस्ता निम्मा काळ्या मातीचा. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलींकडून तिथले एक सर पळायचा सराव करून घ्यायचे, म्हणून मी रोज सकाळी सायकलवर जायची. वडगावातच मामाकडे राहणारी एक मैत्रीण माझ्याबरोबर पळायची आणि नेहमी मागे पडायची. सर तिला म्हणायचे, "हिला धरून पळ, तू बी भरतीत निघशील."

त्या वर्षी मैदानी चाचणी भर पावसाळ्यात आली.

पाऊस लागला तशी काळी माती मडगार्डात गच्च बसायला लागली. चाक फिरेना. काडीनं उकरायचं, जरा पुढं जायचं, पुन्हा जाम. शेवटी वडिलांनी दोन्ही मडगार्ड काढून टाकले. चाक सुटलं, पण आता पुढचं चाक सगळा राडा थेट माझ्या पायांवर फेकायचं. वडगावात पोचेपर्यंत बूट भिजून जड व्हायचे. त्यातच पळायचं आणि त्यातच परत यायचं.

थोड्याच दिवसांत बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या. कातडी पांढरी पडून सुटायची, खाली लाल मांस दिसायचं. आई रोज संध्याकाळी चुलीपाशी बसवून मेंदी भरायची.

"कामून जाती एवढ्या पावसात?"

"ग्राउंडची तारीख जवळ आलीय आई."

"मग पाय तरी भिजवू नको."

"कसं न भिजवू, तूच सांग."

तिनं खताची पिशवी कापून माझ्या बुटांवर चढवली आणि जुन्या ट्यूबची पट्टी घट्ट बांधली. पाणी पोटरीवरून ओघळत आत उतरलं आणि आतच राहिलं. वडगावात पिशवी सोडली तेव्हा पाय उकडल्यासारखे झाले होते. दुसऱ्या दिवशी वडिलांचे गमबूट घातले. ते पायडलवरून घसरले आणि मी ओढ्याच्या पुलावर आडवी झाले. मग बूट पिशवीत गुंडाळून कॅरेजला लावले आणि अनवाणी निघाले. बूट कोरडे राहिले, पण उघड्या चिखल्यांत माती भरली. हापशावर पाय धुताना मला ओठ आवळून उभं राहावं लागलं.

एसटी होती, पण पुलावरून पाणी गेलं की ती गावात येतच नसे. मैत्रीण म्हणाली, "इथंच राहा की." मी एक रात्र राहिले. एका खोलीत मामा, मामी, त्यांची लेकरं आणि आम्ही दोघी. मामींनी मला अंथरूण दिलं आणि स्वतः दाराजवळ पोत्यावर झोपल्या. पुन्हा तिथं राहायला जायला मला तोंड राहिलं नाही.

वडगावातल्या डॉक्टरांनी मलम लिहून दिलं. "पाय कोरडे ठेव. त्याशिवाय हे बरं होणार नाही."

"डॉक्टर, सायकलवर यावं लागतं."

"मग काही दिवस येऊ नको."

मी खरंच थांबले. आई सारखी माझे पाय पुसायची, रात्री चुलीच्या उबेला ठेवायला लावायची. कातडी धरायला लागली होती. तेवढ्यात सरांचा फोन आला. बीडच्या मैदानावर पाणी साचल्यामुळे चाचणी पुढं ढकलली होती.

"नवी तारीख कधी?"

"सांगितली न्हाई. पण घरी बसू नको, दम जाईल तुझा."

घरी बसावं तर दम जाणार, जावं तर पाय जाणार. वडिलांना विचारलं. "मला काय कळतंय त्यातलं," म्हणाले. "आमी उसाच्या फडात असले पाय घेऊनच काम केलंय. पण तुला पळायचंय."

मी जायला लागले आणि चिखल्या पुन्हा फुटल्या.

चाचणीच्या दिवशी बीडला लख्ख ऊन होतं. मी बोटांमध्ये कापूस घातला, वर पट्टी गुंडाळली. सुरुवातीला काहीच जाणवलं नाही. पहिल्या वळणावर पट्टी सरकली आणि कापूस बोटांखाली गोळा झाला. पुढं प्रत्येक पाऊल टाकताना मी ते कुठं कमी दुखेल हेच बघत होते, पळत नव्हते. मैत्रीण शेजारून पुढं गेली. जाताना तिनं मान वळवून बघितलं, तिचा वेगही जरा कमी झाला. मी हातानं जा म्हणाले.

ती चाचणीत निघाली. माझी वेळ बसली नाही.

घरी आल्यावर माझं चालणं बघून आईनं पाणी तापत ठेवलं. वडील उठून बाहेर गेले आणि जेवायलाच परत आले.

दसऱ्याच्या सुमारास मैत्रीण पेढे घेऊन आली. तिची निवड झाली होती. आईनं तिला चहा दिला, हातात नारळ दिला. ती माझ्याजवळ बसली, पण पेढ्याचा पुडा तिनं माझ्यापुढं केला नाही. तो चुलीशेजारी ठेवला.

"पुढची भरती कधी निघंल?" मी विचारलं.

"कुणालाच म्हाईत न्हाई."

बाहेर रस्ता वाळून खडखडीत झाला होता. तिला सोडायला मी थांब्यापर्यंत चालत गेले. पाय अजिबात दुखले नाहीत. एसटी लवकर आली, ती चढली, आणि खिडकीतून काहीतरी म्हणाली, ते इंजिनाच्या आवाजात मला ऐकू आलं नाही.