दहावा नग

गल्लीत असं बोललं जातं की बन्सी खरादी पूर्वी केमिस्ट्रीचा प्रोफेसर होता. कसल्यातरी पेपरावरून वरच्यांशी भांडण झालं, डोक्यावर परिणाम झाला, आणि तेव्हापासून माणूस लेथवर लाटणी काढत बसलाय. पुरावा काय, तर त्याच्या दुकानात काळ्या गोळ्यांच्या माळा टांगलेल्या असतात आणि तो त्यांच्याशी बोलतो.

यातलं बोलतो तेवढं खरं. बन्सीकाका मूळचे कन्नड तालुक्यातले, शाळा सातवीपर्यंत. चौदाव्या वर्षी शहागंजात मामाच्या लेथवर आले ते आजतागायत तिथंच. लाटणी, रव्या, पाळण्याचे खांब. आणि ‘बसलाय’ हा शब्द तर साफ खोटा. बन्सीकाकांना बसलेलं कुणी पाहिलेलं नाही. लेथ उभ्यानं, जेवण उभ्यानं, चहा दुकान ते कोपरा अशा चार फेऱ्यांत. कुठलीही वस्तू हातात आली की ती उलटी करून दुसऱ्या टोकानं बघायची, ही त्यांची खोड. भाच्याच्या लग्नात आहेरात आलेली समई अशी उलटी केली की वातीसकट तेल व्याह्यांच्या धोतरावर.

गोळ्या आल्या त्या सोनिया मॅडममुळं. बिडकीनच्या एका ज्युनियर कॉलेजात त्या केमिस्ट्री शिकवतात, आणि पुढच्या तासाची घंटा झाल्यासारख्या बोलतात.

“काका, बेसिकली काय आहे, हे कार्बन. काळे गोळे. एका नगात सात. प्रत्येक गोळ्याला चार भोकं. हायड्रोजन नको, ते आपण मनात धरू. ओके? हे सात किती प्रकारे जोडता येतात त्याची मी दहा ड्रॉइंग काढलीत. दहा आयसोमर, दहा नग, दहा खणांची पेटी. सोमवारी विज्ञान प्रदर्शन. ओके?”

“ओके,” काका म्हणाले. “पर म्याडम, गोळे तेच, तर नग येगळे कसे?”

“तेच तर काका! माल तोच, जोडणी वेगळी. जोडणी बदलली की पदार्थच बदलला. एक अठ्ठ्याण्णव अंशाला उकळतो, दुसरा नव्वदला.”

“दोघी जावांवानी,” आतून काकू, म्हणजे आवडाबाई, म्हणाल्या. “घर तेच, उकळायचा टाइम येगळा.”

काकांना हे लई पटलं. पाच दिवसांत दहाही नग तयार झाले. गुरुवारी पेटीत भरताना मात्र चार नंबर आणि सात नंबर हातात धरून काका थबकले. थबकले म्हणजे जागच्या जागी गोल फिरायला लागले.

पाळण्याचे चार खांब सारखे झाले का, हे बघायची त्यांची एक रीत आहे. काका पाठ करतात, आवडाबाई दोन खांबांची अदलाबदल करतात किंवा करत नाहीत. काकांना ओळखू आलं नाही, तर खांब एकच. तीच रीत त्यांनी या दोन नगांना लावली.

“बदलले का?”

“वळखा.”

वळखू येईना. कागदावर दोन्ही पार निराळे होते. चौथ्यात सहा गोळ्यांची ओळ आणि तिसऱ्या गोळ्याला एक लोंबता. सातव्यात पाचांची ओळ आणि दुसऱ्या गोळ्याला दोन गोळ्यांची शेपटी. पण सातव्याला शेपटीच्या टोकाला धरून लोंबकळवलं, तर शेपटीचे दोन, मग तो जोडाचा गोळा, मग पुढचे तीन. झाली सहाची सरळ ओळ. आणि उरलेला एक तिसऱ्याला लोंबतोय.

“आवडे, ह्यो तर चौथाच हाय. उलटा निजलेला.”

काकांनी लगेच फोन लावला. मॅडम घाईत होत्या. “काका, असं कसं होईल? मी स्वतः काढलेत. बोर्ड छापून आलाय, दहा म्हणून. एक नग कमी करायचाय का तुम्हाला? तसं सांगा ना सरळ.”

फोन ठेवल्यावर काकांनी भाकरीला हात लावला नाही. चाळीस वर्षांत त्यांच्या हातून लाटणं वाकडं गेलं असेल, खांब आखूड झाला असेल, पण ‘बन्सीनं नग मारला’ हे वाक्य कुणाच्या तोंडून आलं नव्हतं. आता दोनच वाटा होत्या. एकतर खरा दहावा शोधून काढायचा, नाहीतर तो नाहीच हे मॅडमना दाखवायचं. तोच नग दोनदा पेटीत घालणं ही तिसरी वाट आवडाबाईंनी सुचवली.

“कोण उलटं करून बघतंय तुमच्यासारखं?”

“म्या बघितलं ना,” काका म्हणाले.

मग दुकानाच्या आढ्याला सुतळ्या आल्या आणि प्रत्येक नग टोकाला बांधून टांगला गेला. जो तो आपल्या सगळ्यात लांब ओळीनं. काका त्यांच्याखालून येरझाऱ्या घालत होते, एकेकाला विचारत होते, “तू कोण? तू त्योच ना?” गोळे उपटायचे, पुन्हा जोडायचे, टांगायचे, की तो आधीच्याच कुणाचा तरी जुळा निघायचा. लाटणं घ्यायला आलेली बाई दोनदा परत गेली. शुक्रवारी दुपारपर्यंत हिशेब असा लागला: सातांची सरळ ओळ, एक. सहाची ओळ आणि एक लोंबता, दोन. पाचांची ओळ, पाच. चारांची ओळ, एकच.

“आणि तिनाची?” मी विचारलं. मी समोरच राहते, यंदा अकरावी सायन्सला.

“तिनात सात मावत न्हाईत. मधल्याची दोन भोकं वळीत जातात, ऱ्हायली दोन. तिथं दोन गोळे लावले की पाच झाले, भोकं खल्लास. शेवटच्यांना लावशील तर वळच लांब व्हती.”

“म्हणजे नऊ. पण काका, मॅडम लोक चुकत नसतात. आणि चुकले तरी कबूल करत नसतात. तुम्हीच दहावा करून द्याल, बघा.”

“लाव पैज.”

“पाव किलो इमरती.”

शनिवारी सकाळी काका पिशवी घेऊन पैठणच्या बसमध्ये चढले. जागा होती, तरी बिडकीनपर्यंत उभेच. स्टाफरूममध्ये मॅडम दोन मुलींकडून बोर्डाला फिती लावून घेत होत्या.

“काका, आणला दहावा?”

“डोळे मिटा म्याडम.”

“अहो काका, हे काय मध्येच?” पण मिटले. काकांनी एक नग हातात दिला, काढून घेतला, मग दुसरा दिला. “आता सांगा, चौथा कोणता अन् सातवा कोणता.”

मॅडमनी बोटांनी चाचपलं. डोळे उघडले. पहिलाही मागून घेऊन दोन्ही समोर धरले. काका हाताची घडी घालून एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते. मग मॅडमनी आपणहून सातवा शेपटीला धरून लोंबकळवला आणि ओठांतल्या ओठांत मोजलं. सहा. त्यांचं बोट बोर्डावर छापलेल्या नावावर गेलं, टू-इथाइल पेंटेन.

“सगळ्यात लांब साखळी आधी शोधा,” त्या हळूच म्हणाल्या. “अय्यो. यालाच तर मी दरवर्षी पोरांचे मार्क कापते.”

फिती लावणाऱ्या मुली खाली बघून हसल्या. त्यातली एक बहुधा कापलेल्यांतली असावी.

“आणि दहावा?”

काकांनी ओळींचा हिशेब सांगितला, तिनाच्या ओळीसकट. मॅडमनी तो फळ्यावर स्वतः करून पाहिला, एकदा वरून, एकदा खालून. मग मार्कर घेऊन, त्या मुलींच्या देखत, छापील ‘दहा’वर काट मारली आणि वर लिहिलं, ‘नऊ’. पेटीतला दहावा खण रिकामा ठेवायचं ठरलं. त्यात चिठ्ठी: ‘इथं काही का नाही? मोजून बघा.’

“काका, फोनवर मी बोलले ते…”

“ऱ्हाऊ द्या. आठ गोळ्यांचे किती व्हत्यात?”

“अठरा. म्हणजे, पुस्तकात अठरा दिलेत.”

“पुस्तकात,” काका म्हणाले.

संध्याकाळी ते माझ्या दारात आले तेव्हा मी वही उघडून बसले होते. पैज पाव किलोची होती, पण त्यांनी अर्धा किलो इमरती आणायला सांगितली. उद्या रविवार, मॅडम आठ गोळे टांगायला येणार होत्या.