रायफलीत सोडलेला श्वास

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. कोरोनात आयर्लंडमधल्या लेटरकेनीला डॉक्टर मुलीकडे अडकलो होतो, तेव्हा शेजारचा आयरिश म्हातारा मला नेमबाजी दाखवायला नेई. बंदुकीच्या काळ्या दारूची काजळी नळीत सुकली की गोळी भरकटते. म्हणून प्रत्येक गोळी झाडल्यावर तो रायफलीत सावकाश, ओलसर श्वास सोडी.

एकदा तिथं स्पर्धा होती; हात थरथरू लागल्यानं ती त्याची शेवटची. पहिल्या चार गोळ्या मधोमध लागल्या. मी मात्र संसर्गाला घाबरून पंचांच्या कानाशी लागलो, "हा तोंडानं फुंकतोय!" त्यांनी फुंकणं बंद करायला लावलं. उरलेल्या गोळ्या निशाणाबाहेर गेल्या.

"रायफल माझी, श्वासही माझा," तो हसला. "मग घाबरलं तरी कोण?"

मी मास्क नाकावर ओढून घेतला. फाटकापाशी तो नेहमीसारखं "ग्रँड!", म्हणजे सगळं ठीक, असं म्हणून वळला. "माफ करा, मीच," एवढं माझ्या मास्कच्या आतच राहिलं.