मोहाखालची आग

ती आग मी लावली होती. बायको सोडली तर गावात हे कुणालाच ठाऊक नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं ते आता राहिले नाहीत.

आलापल्लीच्या पुढं आमचं वनगाव. जिल्ह्याला तेव्हा चांदाच म्हणत. जमीन जंगलखात्याची, खात्यानं उठा म्हटलं की उठायचं. मोहफुलं वेचण्याआधी झाडाखालचा पाचोळा जाळून जागा साफ करायची आमची रीत. पेटवणाऱ्यानं विझेपर्यंत तिथून हलायचं नाही. मी हललो. लग्न नवं होतं, आंबील प्यायला घरी गेलो. मागं वारं फिरलं आणि आग खात्याच्या सागापर्यंत पोचली.

संध्याकाळी सगळे चौकात जमले. सकाळी जंगलाचा नाकेदार चौकशीला येणार होता. त्याची भीती होतीच, पण त्याहून मोठी मोठेबापांची, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची. ते जन्मात खोटं बोलले नव्हते, आणि तेवढ्या जोरावर कुणालाही चारचौघांत सोलून काढत. त्यांनी नाव घेतलेला माणूस पुढं गावात मान वर करत नसे.

"मोहाखाली कोणाची टोपली होती, मी पाह्यलो," ते म्हणाले. "कालची आलेली सून. मायबापानं काही शिकवलंच नाई. उद्या मी नाव सांगीन. मी खोटं बोलत नाई."

टोपली माझ्या बायकोची होती. काडी माझी. तिनं पदराआडून माझ्याकडे पाहिलं. मी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिलो.

"सांगा ना मामाजी," ती म्हणाली. सुनेनं चौकात तोंड उघडायची पद्धत नव्हती. "मीच लावली म्हणा. नाकेदार पुसन, कोणाच्या घरची सून? तेही सांगा. तुमी तं खोटं बोलत नाई."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. मोठेबाप उठून गेले.

सकाळी नाकेदाराचे बूट वाजले आणि मी गर्दीत मागं सरकलो. त्यानं मोठेबापांनाच विचारलं.

"वारं होतं साहेब," मोठेबाप म्हणाले. "वरच्या जंगलातून आली असन."

गाव वाचलं. पण त्या दिवसापासून मोठेबापांनी तिच्या हातचं पाणी घेतलं नाही. ते आमच्याकडे आले की ती तांब्या भरून समोर ठेवायची. तो तसाच राहायचा.

"काऊन ठेवतेस?" मी एकदा विचारलं.

"रागातल्या माणसाले तहान लागत नाई का?" मग हळूच, "तुमी सांगान का त्यायले?"

सांगतो म्हणालो. पण अंगणात त्यांचा खोकला ऐकू आला की मी मागच्या दारानं निघून जायचो.

मोठेबाप गेले. त्यांच्या तेरवीचा स्वयंपाक तिनं एकटीनं केला. मी पंगतीत बसून पोटभर जेवलो.