जानकीचा गप्प चेहरा

जव्हारच्या एसटी डेपोसमोर चहाची टपरी आहे. तिच्या फळ्यांवर हेमराजने अख्खं गाव रंगवून ठेवलंय. उभ्या बसमध्ये घोरणारा ड्रायव्हर आहे, म्हातारीला चौथ्या खिडकीकडे पिटाळणारा कारकून आहे आणि कोंबडीचं तिकीट काढणार नाही म्हणून कंडक्टरशी भांडणारी बाईही आहे. ती बाई म्हणजे त्याची बायको जानकी. लोक हसता हसता चहा सांडायचे. जानकीही हसायची, पण एकदा म्हणाली होती, "माझं एक तरी साधं चित्र काढा."

"साधं चित्र बघायला कोण थांबतंय?" म्हणून हेमराजने विषय उडवून लावला. मोठा शहाणा!

गेल्या महिन्यात जानकी तापाने गेली. बाराव्याला हार घालायचा, तर घरात फोटो नाही. आधार कार्डावरचा मोठा करून आणला, तर त्यात नाकडोळेही कळेनात. मुलगी प्रगती म्हणाली, "बाबा, तुम्हीच काढा. साऱ्या जगाची काढता."

तो बसला. पहिल्या कागदावर जानकी पदर खोचून शेळीमागे धावत होती. दुसऱ्यावर तोंड उघडं टाकून झोपली होती. तिसऱ्यावर नुसत्या भुवया काढल्या, तरी ती कुणाला तरी झापायला निघालेली. प्रगतीला हसू फुटलं आणि मग ती ओढणीत तोंड खुपसून रडली. हेमराजला स्वतःच्या हाताची किळस आली. डोळे मिटले तरी त्याला बायको गप्प अशी दिसेचना.

शेवटी तो शेजारच्या सकूकडे गेला. ती तांदूळ पाखडत होती.

"सकू, गप्प असली की जानकी कशी दिसायची गं?"

सूप थांबलं. "ती कुठं गप बसं? तुमी बाजारात चित्रा काढाया बसलात का तवाच बसं. रंगाचा डबा धरून, तुमच्या बाजूला. तुमच्या तोंडाकडं बघत राहं."

हेमराज तेव्हा बाजाराकडे बघत असायचा. वीस वर्षं, दर आठवड्याला. नुसती मान वळवायची होती.

तो तसाच बाजारात जाऊन जुन्या जागी बसला आणि त्याने शेजारी पाहिलं. तिथे कुणीतरी कांद्याचं पोतं ठेवलं होतं.

बाराव्याला आधार कार्डावरच्या त्या काळपट डागालाच हार घातला. आलेल्यांनी हात जोडले. "अगदी जानकीच," कुणीतरी म्हणालं. ते खरं की खोटं, हेमराजला सांगता येईना.