तोंडी भूगोल

"समज, मला दिसत नाही. सांग, काय आहे कागदावर?"

आमचे भूगोलाचे सर असं म्हणत आणि खुर्ची खिडकीकडे फिरवून बसत. पाठ वर्गाकडे, तोंड बाहेरच्या कडुनिंबाकडे. मागे आठवीतलं एखादं पोरगं उभं. त्याच्या हातात जिल्ह्याचा नकाशा, नाहीतर पावसाचा आलेख, नाहीतर सरांनी कुठूनतरी छापून आणलेलं छायाचित्र. त्यानं ते बघायचं आणि सरांना शब्दांत सांगायचं. पोरगं अडखळलं की सरांची बोटं खुर्चीच्या हातावर वाजू लागत.

तुमच्याही शाळेत असे एखादे मास्तर असतील, ज्यांच्या तासाला बाहेरून जाणाराही थबकतो. मी मुखेड तालुक्यातल्या त्याच शाळेत विज्ञान शिकवतो आणि परीक्षांचं काम बघतो. माझा तास रिकामा असला की मी व्हरांड्यात उभा राहून सरांचा तास ऐकायचो.

"सर, जूनचा खांब बुटका हाय. जुलैचा लई उंच. ऑगस्टचा खाली बसलाय."

"बसलाय? दमला काय तो?"

"न्हाई सर, पाऊस कमी झाला."

"मग तसं सांग की. तुमचं सोयाबीन कोणत्या महिन्यात वाळलं?"

"ह्या."

"ह्या म्हणजे कोणत्या? बोट दाखवू नको, तोंड उघड."

छायाचित्राचंही तेच. अर्धापूरकडच्या केळीच्या बागेचा फोटो एका पोरीच्या हातात होता. ती म्हणाली, "केळीची बाग हाय, खाली काळे पाइप हायेत, एक बाप्या डोक्यावर घड घेऊन चाललाय."

"कोण? तुझा मामा का?"

"न्हाई सर. मामा एवढं काम करत न्हाई."

वर्ग हसून हसून लोळला. सर हसू दाबत म्हणाले, "बरं, त्या बाप्याची सावली कुठं पडलीय?"

"पायातच पडलीय सर."

"मग वाजले किती?"

पोरीनं जरा विचार केला. "दुपारचे बारा-एक असतील."

"बघा! फोटोत घड्याळ नाही, तरी पोरीनं वेळ सांगितली. ह्याला भूगोल म्हणतात."

उत्तरं पाठ करून आलेल्या पोरांचा त्यांना राग यायचा. "पुस्तकातलं उत्तर ह्यांच्या तोंडात आधीच तयार असतं," ते स्टाफरूममध्ये म्हणत, "मला डोळ्यातलं पाहिजे." म्हणून त्यांनी आठवीची नकाशा, आलेख आणि छायाचित्रांची चाचणीच तोंडी करून टाकली होती. मुख्याध्यापकांना ती इतकी आवडली, की ते पाहुण्यांना सरांच्या वर्गात घेऊन जायचे.

ही पद्धत सरांना का सुचली, हे मला एका दुपारी कळलं.

माहूरच्या गडाचा फोटो होता. एका मुलानं पायऱ्या सांगितल्या, ओटी आणि कुंकवाची दुकानं सांगितली, मागचा डोंगर सांगितला. झाल्यावर सरांनी नेहमीसारखा हात मागे करून कागद घेतला. शेवटी कागद नीट बघून ते गुण सांगत असत. गडबडीत पोरानं तो उलटा दिला होता. कोरी बाजू सरांच्या डोळ्यांसमोर होती. सरांनी ती निरखून बघितली.

"छान सांगितलंस," ते म्हणाले. "पण हे बघ, इथं वरच्या कोपऱ्यात झाड आहे. ते राहिलं तुझं."

त्यांचं बोट कोऱ्या कागदावर टेकलं होतं.

कोणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. मग पुढच्या बाकावरची एक मुलगी उठली. तिनं सरांच्या हातातला कागद हळूच फिरवला आणि म्हणाली, "सर, कागद उलटा झाला होता."

"वाऱ्यानं झाला असेल," सर म्हणाले. झाडाचं पान हलत नव्हतं.

त्या दिवसापासून त्या वर्गातल्या पोरांनी सरांच्या हातात कधी उलटा कागद दिला नाही. फळ्याजवळ दप्तर पडलेलं असलं तर कुणीतरी गुपचूप उचलून ठेवायचं. आपसात त्यांचं काय ठरलं होतं, मला माहीत नाही. घरी त्यांनी सांगितलं नाही, एवढं नक्की. सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं, असं आता वाटतं.

संध्याकाळी सर माझ्या गाडीवर मागे बसून मुखेडला यायचे. त्या दिवशी अर्ध्या वाटेत ते म्हणाले, "दोस्ता, दुपारी दारात तूच होतास ना?"

"हो."

"साखरेनं खाल्ले डोळे. उजवा गेल्यात जमा आहे. डाव्यानं माणूस कळतो, अक्षर कळत नाही."

मी गाडी बाजूला घेतली. "घरी सांगितलं का सर?"

"घरी सांगितलं तर गावाला कळतं. गावाला कळलं तर सचिवांना कळतं."

एवढ्यावर मला पुढचं सगळं समजलं. आमची शाळा कितीतरी वर्षं विनाअनुदानित होती. त्या वर्षांत सरांनी सुट्ट्यांमध्ये खताच्या दुकानात हिशेब लिहिले, लोकांच्या पोरांच्या शिकवण्या घेतल्या, पण शाळा सोडली नाही. आता कुठे अनुदानाचा टप्पा लागला होता आणि पगार सुरू झाला होता. संस्थेच्या सचिवांचा पुतण्या भूगोल घेऊन बीएड झालेला होता. तो दर महिन्याला शाळेत चक्कर टाकून जायचा आणि सरांच्या पाया पडायचा.

"त्याला घाई झालीय," सर म्हणाले. "एकदा कळू दे, पुढच्या महिन्यात माझ्या खुर्चीवर तो. आणि तो आलेख खांब मोजून शिकवील."

मी कुणाला सांगणार नाही, असं वचन दिलं. एवढंच करून थांबलो नाही. शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेचं दार लावून मी त्यांना उत्तरपत्रिका वाचून दाखवायचो, ते गुण सांगायचे, मी लाल पेनानं लिहायचो. त्यांचं अक्षर मला हुबेहूब जमायला लागलं. खरं सांगतो, मला ते दिवस आवडायचे. एक माणूस पूर्णपणे आपल्यावर विसंबून आहे, ह्याचं एक सुख असतं. मी त्याला मैत्री समजत होतो.

मीच आग्रह करून त्यांना नांदेडला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं आणि सरळ सांगितलं, "उजव्याचं काही होणार नाही. डावा वाचवता येईल. पडद्याला इंजेक्शन आणि लेझर लागेल, पुढच्या आठवड्यात सुरू करू. थांबू नका. आत कधीही रक्त उतरू शकतं."

एसटीनं परत आलो. सरांच्या घरी पोचलो तर वहिनींनी चहा टाकला होता. कप माझ्या हातात देऊन त्यांनी विचारलं, "भाऊजी, काय म्हणाले डॉक्टर?"

सरांनी माझ्याकडे तोंड केलं.

"काही नाही वहिनी," मी म्हणालो. "चष्म्याचा नंबर वाढलाय."

"मी म्हणलंच होतं ह्यांना! ऐकतच न्हाईत. तुम्ही संग असता म्हणून मला घोर न्हाई बघा."

आणि त्याच आठवड्यात मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. सरांच्या चाचणीची बातमी वरपर्यंत गेली होती. जिल्ह्याहून पथक ती बघायला येणार होतं. "हे नीट पार पडलं तर शाळेचं नाव होईल," ते म्हणाले, "आणि पर्यवेक्षकाची जागा रिकामी आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे."

मला ठाऊक होतं. म्हणून संध्याकाळी गाडीवर मी म्हणालो, "सर, पथक येऊन जाऊ द्या. मग नांदेडला जाऊ. आता रजा टाकली तर सगळे विचारतील."

हे वाक्य मी इतक्या काळजीच्या आवाजात म्हणालो, की मलाही ते खरं वाटलं.

 मागून सरांनी विचारलं, "चालेल ना रे? तू सायन्सचा माणूस आहेस. तुला कळतं म्हणून विचारतो."

"चालतंय की. थोड्या दिवसांनी काय होतंय?"

त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. त्यांना नकोच होतं जायला, मी फक्त हो म्हणालो, असं मी मनाला पुष्कळदा सांगून पाहिलं आहे. पण त्यांनी विचारलं मला होतं, आणि डॉक्टरांचे शब्द मीही ऐकले होते.

पथक आलं त्या दिवशी वर्ग झाडून, सडा टाकून तयार होता. मागच्या बाकांवर साहेब मंडळी, एक मॅडम, मुख्याध्यापक आणि मी. सरांनी खुर्ची खिडकीकडे फिरवली. तो उलटा कागद सरळ करणारी मुलगीच उभी होती. तिच्या हातात आमच्या तालुक्याचा नकाशा होता, उंचसखलपणाच्या रेषांचा.

"रेषा जवळ जवळ हायेत सर, म्हणजे इथं चढ उभा हाय. इकडं लांब लांब हायेत. इथं जमीन सपाट हाय."

"मग नदी कुणीकडं जाईल?"

"सपाटीकडं, सर. नकाशात निळी रेघ तिकडंच..."

"थांब," सर म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "खिडकी कुणी लावली?"

खिडकी उघडीच होती. सरांच्या मांडीवर ऊन पडलं होतं. त्यांनी हात पुढे केला, गज चाचपले, हात गजांच्या बाहेर काढला आणि उन्हात बोटं हलवली.

मुलगी गोंधळली. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली नाही, काही नाही. मग तिला जे सुचलं ते तिनं केलं. ती खिडकीतून बाहेर बघून सांगू लागली.

"खिडकी उघडी हाय सर. भाईर ऊन हाय. कडुनिंबाखाली सायकली लावल्यात. एक शेळी हाय, ती भिताडाला पाय लावून पाला खायलीय. लांब रस्त्यानं एसटी चाललीय, तिच्यामागं धुरळा हाय..."

ती थांबली नाही. सर गजांना धरून ऐकत होते.

ती बोलायची थांबली तेव्हा पथकातल्या मॅडमनी टाळ्या वाजवल्या. मग साहेबांनी वाजवल्या, मग मुख्याध्यापकांनी. "वा! नकाशावरून थेट परिसर निरीक्षण," साहेब म्हणाले. वर्गातल्या एकाही पोरानं टाळी वाजवली नाही.

मी वाजवली.

पथक चहाला जाईपर्यंत सर खुर्चीतून उठले नाहीत. मी जवळ गेलो तेव्हा ते हळूच म्हणाले, "काळा धूर आलाय रे डोळ्यात. गेले का ते?"

नांदेडला गेलो. तिथून लातूरला मोठ्या दवाखान्यात गेलो. शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी प्रयत्न सगळे केले आणि शेवटी वहिनींना समोर बसवून, नांदेडला आधीच सांगितलं होतं, तेव्हाच उपचार का केले नाहीत, असं विचारलं.  बाहेर बाकावर मी बसलो होतो. वहिनी आल्या, माझ्यापासून हातभर अंतरावर बसल्या आणि पदरानं तोंड पुसत राहिल्या. मला वाटलं, आता विचारतील. त्यांनी विचारलं नाही. त्या दिवसानंतर त्यांनी मला भाऊजी म्हणून हाक मारलेली नाही. कुठलीच हाक मारलेली नाही.

पथकाचा शेरा चांगला आला. त्यात सरांच्या उपक्रमाचं कौतुक होतं आणि संयोजक म्हणून माझं नाव होतं. मी पर्यवेक्षक झालो. पुतण्या रुजू झाला. तो मुलगा वाईट नाही. आठवीची चाचणी आता लेखी असते, नकाशा छापून देतात, पोरं जागा भरतात.

सुरुवातीला मी दोन वेळा सरांच्या घरी गेलो. सर माझ्याशी पूर्वीसारखेच बोलत. त्यांनी मला एकदाही बोल लावला नाही, आणि ते मला सोसलं नाही. मी जाणं बंद केलं. पुढे कळलं, की ते दोघं लातूरला मुलीकडे कायमचे राहायला जाणार आहेत.

त्यांना मी शेवटचं मुखेडच्या आठवडी बाजारात पाहिलं. मी मिरच्यांच्या पालासमोर उभा होतो. वहिनी पुढे, त्यांच्या हातात पिशवी. मागे सर, एक हात वहिनींच्या खांद्यावर. पांढरा शर्ट इस्त्रीचा होता. गर्दी रेटत होती. ते येऊन माझ्या शेजारीच थांबले, इतके जवळ, की त्यांची बाही माझ्या दंडाला लागली.

वहिनींनी मला पाहिलं.

"बोला, किती देऊ?" मिरचीवाल्या बाईनं मला विचारलं.

मी बोललो नाही. आवाज काढला असता तर सरांनी ओळखलं असतं. मी मुकाट्यानं मिरच्या पारड्यात टाकू लागलो.

"अहो मास्तर, किती करू, सांगा की! आज काय तोंडाला कुलूप लावून फिरायलात का?" बाई मोठ्यानं म्हणाली. आजूबाजूचे हसले.

सरांनी मान वळवली. चेहरा माझ्याकडे आला, पण जरासा चुकून, माझ्या खांद्याच्या पलीकडे. त्यांच्या ओठांवर हसू येऊ लागलं होतं.

"कोण मास्तर आहेत गं?" त्यांनी वहिनींना विचारलं.

वहिनी माझ्याकडे बघत होत्या. मी बोलावं म्हणून त्या थांबल्या होत्या, हे मला नंतर कळलं. तेव्हा मी फक्त खाली मिरच्यांकडे बघत राहिलो.

"कुणी न्हाई," त्या म्हणाल्या. "चला, गाडी निघंल."

सर तरी क्षणभर तसेच उभे राहिले, कान देऊन. मग त्यांनी वहिनींच्या खांद्यावरचा हात नीट केला आणि दोघं स्टँडच्या बाजूनं गर्दीत गेले.