साडीच्या तुकड्याखालचा कॉम्प्युटर

सुरतेतल्या लिंबायतच्या आमच्या घरात मशीनवर कापड टाकायची सवय आहे. शिलाई मशीन असो की मिक्सर, काम झालं की त्याच्या अंगावर काहीतरी हवंच. भिंतीपलीकडे माग खडखडत असतात, त्यांच्या तंतूंची धूळ आमच्या वरणातसुद्धा उतरते. कॉम्प्युटर तर मी हौसेने आणलेला, म्हणून त्याच्या डब्याला विणताना खोट राहिलेल्या डागी साडीतला चांगला जरीचा तुकडा मिळाला. तो मी मागूनपुढून घट्ट गुंडाळला आणि कॉम्प्युटर चालू असतानाही कधी सोडला नाही. दर दसऱ्याला त्यावरच कुंकू लावलं. या हुशारीचा मला अभिमान होता.

पुढे सगळं मोबाइलवर व्हायला लागलं आणि कॉम्प्युटर कोपऱ्यात गेला. तो पुन्हा आठवला तो आबांच्या सीडीमुळे.

आबा म्हणजे माझे वडील. धुळ्याकडून सुरतेला आले आणि उभं आयुष्य मागावर काढलं. त्यांच्या खोकल्याची आम्हाला इतकी सवय झाली होती की तो ऐकूच येत नसे. त्या आठवड्यात थुंकीत रक्त दिसलं, छातीचा स्कॅन झाला, त्याची सीडी हातात आली, आणि डॉक्टरांनी त्यांना सांगितलं की उद्या घरातल्या कुणाला तरी सोबत आणा. आबांनी हा निरोप मला कोथिंबीर आणायला सांगावी तसा सांगितला.

आबांना उद्यापर्यंत थांबायचं नव्हतं. डॉक्टरने सांगण्याआधी आपल्या छातीत काय आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, एवढाच त्यांचा हट्ट. सीडी चालेल असं यंत्र घरात ते एकच होतं.

दुपारी बटण दाबलं. पडदा उजळला, कंपनीचं चिन्ह आलं, आणि सगळं एकदम काळं झालं. मी प्लग बदलला, वायरी घट्ट केल्या, आतली मेमरीची पट्टी काढून खोडरबराने घासली, झाकण परत लावलं आणि सवयीने साडीचा तुकडाही परत गुंडाळला. दरवेळी तो आधीपेक्षा लवकर बंद पडायचा. मी त्याला शिव्या घातल्या. आबा खाटेवर बसून एकटक बघत होते. मध्येच त्यांना धाप लागायची, थांबायची, आणि त्या शांततेत मला त्यांच्याकडे मान वळवायचं धैर्य होत नव्हतं.

शेवटी जवळच्या पर्वत पाटिया भागातल्या दुरुस्तीवाल्याला फोन केला. गार असताना जास्त वेळ चालतो का, एवढंच त्याने विचारलं. हो म्हटल्यावर म्हणाला, तापतोय, आतला पंखा बघा.

पुन्हा झाकण काढलं. मघाशी पट्टीच्या नादात पंख्याकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. तो दिसतच नव्हता. त्याच्या जागी दाबलेल्या लोकरीच्या नमद्यासारखा राखाडी, जाड थर होता. माझ्या साडीच्या तुकड्याने धूळ अडवली नव्हती, फक्त हवा अडवली होती. मी रंगाचा ब्रश आणला तेव्हा आबांनी आपला रुमाल पुढे केला आणि नाकाला बांधायला लावला. मागावर असताना त्यांनी स्वतः कधी रुमाल बांधलेला मला आठवत नाही.

थर सोलल्यासारखा अखंड निघाला. आबांनी तो हातात घेतला आणि चिमटीत धरून त्याचा पीळ काढला, सूत पारखताना काढायचे तसा. साडीचा तुकडा मी बाजूला टाकला आणि बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा उजळला आणि उजळलेलाच राहिला.

सीडी घातली. एकेक चित्र सरकू लागलं. मला त्यातलं काही कळत नाही, पण दोन्ही बाजूंच्या फुप्फुसांत काळं दिसायला हवं एवढं मोबाइलवर वाचलं होतं. तिथे पांढुरके गुंते होते, खालपासून वरपर्यंत. आबा पडद्याच्या अगदी जवळ आले. मग हातातल्या थराकडे त्यांनी पाहिलं, पुन्हा पडद्याकडे पाहिलं, आणि मला अगदी सरळ विचारलं,

"हाई बी असंच काढता ई का रे?"

हेही असंच काढता येईल का, असं ते विचारत होते. मघापासून ज्याला चालू हो म्हणून शिव्या घालत होतो, तो कॉम्प्युटर आता बंद पडावा असं मला मनापासून वाटलं.

तो बंद पडला नाही. पंखा स्वच्छ फिरत राहिला.