रिकामं पारडं

दुपारचं जेवण झाल्यावर कुमुदबाई पलंगावर आडव्या होतात. डोळे मिटतात, पण फोन स्वयंपाकघरात ठेवून आल्या तरी त्यातली बाई कानात बोलतेच आहे. जपानी शिकवणारी तीन ॲप त्यांनी उतरवून घेतली आहेत आणि एकावरही त्यांचा विश्वास नाही. एक म्हणतं, महिन्याभरात फाडफाड बोलाल. दुसरं येताजाता टाळ्या वाजवतं. तिसरं नुसतं मख्ख.

हे सगळं नातीसाठी. जुई नागोयात जन्मली, तिचं बोलणं सगळं जपानीत. व्हिडिओ कॉलवर ती काहीही सांगो, आजी मान डोलावून "छान छान" म्हणायच्या. परवा पोरीने मुद्दामच खोटं सांगितलं, आमच्या शाळेला आग लागली. आजी म्हणाल्या, "छान छान." तेव्हापासून जुई फोनवर येत नाही. आजीला सांगून काही उपयोग नाही, असं तिने आईबाबांना सांगून टाकलं आहे.

उशी गालाला खरखरीत लागते. उशी कुठली, गोणपाट आहे ते. आठवडी बाजार भरला आहे आणि कांद्यांच्या जागी जपानी अक्षरांचे ढीग लागले आहेत. शेजारी यजमान, भालचंद्रराव, खांद्याला खाकी पिशवी. जन्मभर वजनमापे निरीक्षक होते. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली, हे कुमुदबाईंना इथेही ठाऊक आहे.

"किती छान शिकतेस गं," ते म्हणतात.

कुमुदबाई सावध होतात. या माणसाने उभ्या जन्मात आमटीला छान म्हटलं नाही.

"अहो, तुम्हीच ना नक्की?"

"तपासून बघ."

"दुकानात शिरल्यावर आधी काय बघायचं?"

"रिकामं पारडं. माल ठेवायच्या आधीच काटा हलला, तर पुढचं सगळं खोटं."

हेच ते. मग छान कशाला म्हणालात, असं त्या विचारतात. तू फसतेस का ते बघत होतो, ते म्हणतात.

दोघं पहिल्या गाळ्यापाशी जातात. गाळेवाला तोंडासमोर माईक धरतो. काही बोलू नकोस, असं भालचंद्रराव खुणेने सांगतात. कुमुदबाई ओठ मिटून उभ्या राहतात. "वा, अगदी बरोबर," म्हणत गाळेवाला त्यांच्या पिशवीत एक चांदणी टाकतो. दुसरा तर त्यांनी तोंड वळवायच्या आतच टाळ्या पिटतो. तिसरा मख्ख. त्या गप्प राहतात, तो म्हणतो, "मोऊ इचिदो." त्या पुन्हा गप्प. तो न रागावता पुन्हा तेच.

"पुन्हा एकदा म्हणा, असं म्हणतोय," कुमुदबाई सांगतात. "मला हा रडका वाटला होता."

"याचा काटा सरळ आहे," भालचंद्रराव म्हणतात. "आता तू."

बाजार नाही. स्वयंपाकघर आहे. ओट्यावर तराजू टांगला आहे आणि पलीकडे जुई बसली आहे. ती तोंड उघडते, ओठ हलवते, आवाज काहीच नाही. कुमुदबाईंची मान आपोआप डोलायला लागते. "छान छा..." त्या दोन्ही हातांनी मान धरतात.

"मोऊ इचिदो," त्या म्हणतात.

भालचंद्रराव पिशवीतून तपासलेल्या काट्यावर मारायचा शिक्का काढतात, त्यांच्या उजव्या तळव्यावर ठेवतात आणि हातोडीने ठोकतात. दुखत नाही.

"म्हणजे जमेल मला?"

"वर्षभरापुरता असतो शिक्का," ते म्हणतात. "पुढच्या वर्षी पुन्हा तपासायचं."

डोळे उघडतात तेव्हा उन्हं पायथ्याशी आली आहेत. उजव्या तळव्यावर गोल, खोल ठसा. कुमुदबाईंचा सहजासहजी विश्वास बसत नाही. बांगडी रुतली म्हणावं, तर उजवा हात मोकळा. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला. चादर झटकतात, बटणसुद्धा निघत नाही. अंगठ्याने चोळून बघतात. ठसा जात नाही.

त्या स्वयंपाकघरात जातात, एकेक ॲप उघडतात आणि माईक दाबून गप्प राहतात. दोन ॲप शाबासकी देतात. ती दोन्ही काढून टाकतात. मग मुलाला, शैलेशला फोन लावून म्हणतात, जुईला दे. पलीकडे बरीच मनधरणी चालते. शेवटी जुई येते, पडद्याकडे न बघता काहीतरी भरभर बोलते आणि उठायला लागते.

"मोऊ इचिदो," कुमुदबाई म्हणतात.

जुई थांबते. आजीकडे नीट बघते. खाली बसते आणि तेच पुन्हा सांगते, हळू, एकेक शब्द सोडवून. कुमुदबाईंना अजून कळलेलं नाही. फोन त्यांनी घट्ट धरला आहे आणि तळव्यावरच्या ठशाला त्याची कड खुपते आहे.

"मोऊ इचिदो," त्या म्हणतात.